पेट ग्रूमिंग पार्लर आणि बुरशी: नागपुरात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मनीषनगर, बेसा, प्रतापनगर, जरीपटका, वर्धा रोड. नागपुरात कुठल्याही बाजूला गेलं तरी कुत्र्या-मांजरांना आंघोळ घालून केस कापून देणारं एखादं पार्लर आता दिसतंच. कुणाच्या हाताखाली शिकून किंवा कोर्स करून नवीन मुलंमुली या कामात उतरतायत. शिह त्झूचा चेहरा गोल कसा काढायचा, नखं कुठवर कापायची हे त्यांना चांगलं येतं. दुकान स्वच्छ कसं ठेवायचं हे मात्र बहुतेकांना कुणी बसून शिकवलेलं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच पक्की धरा. आपल्या कामात जी बुरशी खरा त्रास देते ती केसावर बसून येते. तुटलेल्या केसावर आणि कोंड्याच्या पापुद्र्यावर तिचे बीजाणू, म्हणजे जिच्यातून ती पुन्हा उगवते ती सूक्ष्म बीजं, चिकटलेले असतात. केस ब्रशमध्ये गेला, टॉवेलात गेला, ब्लोअरच्या फिल्टरमध्ये अडकला, ॲप्रनच्या खिशात शिरला, की बुरशीही तिथे पोचली. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये मी सारखी केसाच्याच मागे लागणार आहे. औषधी पाण्याची पाळी त्यानंतर येते.

आधी बुरशी ओळखा

कामापुरते तीन प्रकार लक्षात ठेवले तरी भागतं.

पहिला प्रकार गजकर्णाचा, म्हणजे डर्माटोफाइट गटातला. मांजरांमध्ये जवळजवळ नेहमी आणि कुत्र्यांमध्येही बहुतेकदा सापडते ती मायक्रोस्पोरम कॅनिस. तिचे बीजाणू प्रयोगशाळेत दीड वर्षापर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. ती फरशीवर वाढत नाही, नुसती पडून राहते. पुढचं जनावर तिथे लोळलं, त्यातही त्याची कातडी ओली किंवा खरचटलेली असली, की लागण होऊ शकते. चट्टा दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, आणि खरी पंचाईत इथेच आहे. आज तुमच्याकडून चकाचक होऊन गेलेल्या मांजराला पंधरा-वीस दिवसांनी चट्टे उठले, तर ते कुठून आलं हे नोंदीशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. याच गटातली दुसरी बुरशी मातीत राहते, मायक्रोस्पोरम जिप्सियम. बंगल्याच्या आवारात माती उकरणाऱ्या कुत्र्यांच्या नाकाच्या शेंड्यावर आणि पंजांवर तिचे चट्टे येतात. हा सगळा गट माणसालाही लागतो.

दुसरा प्रकार मॅलासेझिया. ही यीस्ट निरोगी कुत्र्याच्या कातडीवर, कानात, बोटांच्या बेचक्यात मुळातच असते. ओल, ॲलर्जी किंवा तेलकटपणा वाढला की ती बेसुमार वाढते. मग कातडी चिकट होते, काळवंडते, कानात तपकिरी मळ साचतो आणि कुबट, आंबूस वास सुटतो. कॉकर स्पॅनियल, बॅसेट हाउंड, शिह त्झू यांना हा त्रास जास्त. ती तुमच्या दुकानातून लागली असं सहसा होत नाही, पण तुम्ही कुत्रा अर्धवट ओला घरी पाठवलात तर तिला आयतं रान मिळतं.

तिसरा प्रकार भिंतीवरची, कूलरमधली, टॉवेलांच्या ढिगातली काळी-हिरवी बुरशी. बहुतेक वेळा ती कातडीचा आजार करत नाही. पण खोकला, शिंका आणि ॲलर्जी हिच्यामुळे होते. शिवाय ती दिसली याचा अर्थ दुकानात ओल मुरतेय, एवढं तरी नक्की कळतं.

जागा घेताना

गाळा एप्रिल-मे महिन्यात बघून पसंत करू नका. नागपूरच्या उन्हात ओली भिंतही ठणठणीत कोरडी दिसते. खरी अवस्था ऑगस्टमध्ये कळते. उन्हाळ्यातच ठरवावं लागलं तर भिंतीच्या तळाशी खाराचा पांढरा थर आहे का, रंगाचे पोपडे सुटलेत का ते बघा. शेजारच्या दुकानदाराला विचारा, पावसात सीपेज येतं का. तो खरं सांगेल, घरमालक सांगेलच असं नाही.

फरशी गुळगुळीत टाइलची, सांधे इपॉक्सीने भरलेले. भिंतीला निदान पाच फुटांपर्यंत टाइल. कार्पेट, कापडी सोफा, उघडं प्लायवूड यातलं काहीही आत नको, कारण त्यात अडकलेला केस निघत नाही. ग्राहकाला बसायला प्लास्टिकची किंवा स्टीलची खुर्ची पुरते. नाहणीच्या तोंडाला बारीक जाळी, पाण्याला उतार, आणि आंघोळीच्या खोलीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट. मांजरांसाठी वेगळी खोली जमली तर उत्तम, नाहीच जमली तर आठवड्यातला एखादा दिवस फक्त मांजरांचा ठेवा आणि त्या संध्याकाळी पूर्ण सफाई करा.

दारातली तपासणी

या पायरीवर जितका वेळ द्याल तितका पुढचा त्रास वाचतो. तपासणी ग्रूमिंग टेबलावर करायची नाही. दाराजवळ चांगल्या उजेडात धुता येणारी रबरी मॅट टाकलेला एक छोटा स्टूल ठेवा आणि जनावर आधी तिथेच बघा.

आधी मालकाला विचारा. अलीकडे खाज, केस गळणं? घरात नवीन पिल्लू आलंय का? बोर्डिंगमध्ये किंवा ब्रीडरकडे राहून आलंय का? स्टेरॉइड चालू आहे का? आणि घरात कुणाच्या अंगावर गजकर्ण उठलाय का? हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण उत्तर ‘हो, मुलीच्या हातावर आहे’ असं आलं तर जनावर वरवर कितीही चांगलं दिसत असू द्या, त्या दिवशी हात लावायचा नाही. पर्शियन आणि इतर लांब केसांची मांजरं अंगावर एकही चट्टा नसताना बीजाणू घेऊन फिरू शकतात.

मग हातमोजे घालून बघायला घ्या: नाकाचा शेंडा, डोळ्यांभोवती, कानांच्या कडा आणि मागची बाजू, पंजे, बोटांची बेचकी, नखांची मुळं, शेपटी. केस उलट्या दिशेने फिरवून मुळाशी बघा. गोल टक्कल, कडेला कोंडा, मध्ये करड्या राखेसारखे पापुद्रे, मुळाजवळ तुटलेले आखूड खुंट दिसले तर शंका घ्यायची. प्रत्येक चट्टा गोलच असेल असं नाही, आणि प्रत्येक गोल चट्टा गजकर्णाचा असेल असंही नाही. पिसवांची ॲलर्जी, खरूज, जिवाणूंचा संसर्ग हुबेहूब तसे दिसतात. निदान तुमचं काम नाही. शंका घेणं तुमचं काम आहे.

वूड्स लॅम्प म्हणून जांभळ्या उजेडाचा दिवा मिळतो. अंधारात धरल्यावर मायक्रोस्पोरम कॅनिसने ग्रासलेली केसाची कांडी हिरव्या सफरचंदासारखी चमकते. मात्र कांडी चमकायला हवी. कोंडा, मलम, कापडाचे धागे हेही चमकतात, त्यावरून काही ठरवू नका. आणि काहीच चमकलं नाही म्हणजे जनावर साफ, असंही धरू नका. कॅनिसची सगळी लागण चमकत नाही, जिप्सियम आणि याच गटातली ट्रायकोफायटन ही बुरशी तर चमकतच नाहीत. पक्कं निदान पशुवैद्यक करतात: केस सूक्ष्मदर्शकाखाली बघून, टूथब्रशने अंगभर विंचरून घेतलेला नमुना संवर्धनाला लावून (म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढते का ते बघून), किंवा पीसीआरने, म्हणजे बुरशीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने.

शंका आली तर त्या दिवशी काम घ्यायचं नाही. ग्राहक म्हणतील, "थोडीशी खाज आहे भाऊ, काही नाही होत, आंघोळ घालून द्या ना." तेव्हा आवाज न चढवता सांगा, "काका, आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. त्यांनी चालेल म्हणून लिहून दिलं की पहिला नंबर तुमचाच लावतो." त्यांचा ठरलेला डॉक्टर नसेल तर सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. त्याच्या दवाखान्याचा रस्ता सांगा. ग्राहक रागावून गेला तरी बहुतेकदा परत येतो. ज्याच्या घरातल्या चार माणसांना गजकर्ण झाला तो येत नाही.

काही जण म्हणतील, "चट्टे आहेत, मग पूर्ण टक्कलच करून टाका." हेही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. मशीन फिरताना कातडीला बारीक ओरखडे बसतात, त्यातून लागण अंगभर पसरू शकते, आणि कापलेले सगळे दूषित केस तुमच्या दुकानात पडतात.

संशयित जनावर निघून गेलं की स्टूल, मॅट आणि जिथे ते उभं होतं ती फरशी लगेच साफ करा, हातमोजे टाकून द्या, हात साबणाने धुवा.

आंघोळ आणि वाळवणं

शाम्पू पाण्यात कालवून ठेवायची सवय सगळ्यांना असते. कालवलेला शाम्पू त्याच दिवशी वापरा, उरलेला रात्री ओतून द्या, बाटली धुऊन उलटी वाळत घाला. दिवसेंदिवस पडून राहिलेल्या पातळ शाम्पूत सुडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात. त्याने आंघोळ घातली की एक-दोन दिवसांत कुत्र्याच्या पाठीवर प्रचंड दुखरे, रक्ताळलेले फोड येतात, ताप भरतो. ही बुरशी नव्हे, पण ग्रूमिंगमधल्या अस्वच्छतेचा हा सर्वांत वाईट प्रकार आहे, म्हणून इथे सांगणं भाग आहे. बुरशीचा औषधी शाम्पू मात्र स्वतःहून वापरू नका. तो किती वेळ अंगावर ठेवायचा, किती दिवसांनी पुन्हा लावायचा हे डॉक्टर ठरवतात.

वाळवण्यात घाई करू नका. वरचे केस फुलले, चमकले की काम झालं असं वाटतं, पण लॅब्राडोर, हस्की, स्पिट्झ, गोल्डन रिट्रीव्हर यांचा आतला दाट थर ओलाच असतो. काखेत, पोटाखाली आणि कानामागे बोटं केसांच्या उलट दिशेने थेट कातडीपर्यंत घाला आणि क्षणभर तिथेच ठेवा. गारवा लागला तर अजून ओल आहे. बोटांची बेचकी कोरड्या टॉवेलने एक एक पुसा. जुलै ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की वाळवायला मे महिन्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. त्या महिन्यांत दिवसाला कमी अपॉइंटमेंट घ्या आणि दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये मोकळा वेळ सोडा.

ब्लोअर हे आपल्याकडचं सर्वांत उपयोगी आणि सर्वांत धोक्याचं यंत्र. कोरड्या केसांवर मारला की सुटे केस आणि कोंडा खोलीभर उडतो. त्यामुळे तपासणी न केलेल्या जनावरावर तो कधीच चालवायचा नाही. चालवायचा तो आंघोळीच्या खोलीतच, दार लावून, एक्झॉस्ट चालू ठेवून. फिल्टर रोज काढून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवा.

ब्लेड, कात्र्या, ब्रश

एका जनावराला वापरलेलं हत्यार साफ केल्याशिवाय दुसऱ्याला लावायचं नाही. हे पाळायचं तर ब्लेड आणि ब्रशचे जादा संच लागतात, निदान चार. भांडवलात तेवढी तरतूद आधीच करा.

ब्लेड मशीनवरून काढा. वरचं सरकणारं पातं एका बाजूला अर्धं सरकवा, तेव्हा दोन पात्यांच्या मध्ये दाबून बसलेली केसांची आणि तेलाची काळपट घाण दिसेल. बाहेरून पुसलेल्या ब्लेडमध्येसुद्धा ती असते. जुन्या टूथब्रशने ती पूर्ण काढा, मग दुसऱ्या बाजूला सरकवून तिथली काढा. साबणाच्या पाण्याने किंवा ब्लेड वॉशने धुवा, कोरडं करा, मग जंतुनाशक लावून लेबलवर लिहिलेला वेळ थांबा. पुन्हा पुसा, वाळवा, तेलाचे दोन थेंब द्या. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे साधं ब्लीच, ब्लेडवर नको, स्टील गंजतं. धातूसाठी बुरशीनाशक असल्याचं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं, हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं तयार जंतुनाशक शोधा, आणि तेही धातूला चालतं का ते लेबलवर बघून घ्या.

निळ्या लाइटचे यूव्ही डबे पार्लरला भरपूर विकले जातात. त्यांच्यावर विसंबू नका. किरण सावलीत पोचत नाहीत, आणि ब्रशच्या दातांमध्ये, पात्यांच्या फटीत सगळी सावलीच असते.

लाकडी मुठीचे ब्रश घेऊ नका. प्लास्टिकचे कंगवे आणि ब्रश केस काढून, साबणाने धुऊन, मग जंतुनाशकात दहा मिनिटं बुडवता येतात.

टॉवेल

एका जनावराला एक टॉवेल, आणि वापरला की झाकणाच्या बादलीत. धुण्याआधी बाहेर नेऊन झटकण्याचा मोह आवरा, त्याने केस सगळीकडे पसरतात. हातमोजे घालून चिकट रोलरने मोठे केस काढा. मशीन ठासून भरू नका, मोठं चक्र लावा, आणि दोनदा धुवा. बीजाणू निघतात ते पाण्याच्या घुसळणीने, त्यामुळे गार पाणीही चालतं, पण मशीनमध्ये कपड्यांना हलायला जागा हवी. धुतल्यावर मशीनच्या रबरातले आणि जाळीतले केस पुसून घ्या. मे महिन्यात गच्चीवर टॉवेल तासाभरात वाळतो. पावसात दोन-दोन दिवस दमट राहतो, म्हणून पावसाळ्यासाठी टॉवेलांची संख्या दुप्पट ठेवा किंवा ड्रायर घ्या. दमट टॉवेल घडी करून कपाटात कधीच नको. आणि हे टॉवेल घरच्या कपड्यांत मिसळू नका.

फरशी आणि जंतुनाशक

क्रम असा: केस उचला, साबणाने घासा, साध्या पाण्याने काढा, मग जंतुनाशक. यातली पहिली पायरी वगळून थेट फवारणी करणारे फार आहेत, आणि त्यांची मेहनत फुकट जाते. केसांचा आणि मळाचा थर असेल तर हायपोक्लोराइटची ताकद त्या मळावरच संपते, बीजाणूपर्यंत काही पोचत नाही.

केस उचलायला फूलझाडू वापरू नका. झाडूने केस पुढे सरकतो आणि कोंडा हवेत उडतो. चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम, नाहीतर ओलसर फडक्याने गोळा करून थेट पिशवीत. काम नीट झालं का हे तपासायला एक पांढरं कोरडं फडकं घ्या आणि टेबलाच्या पायाभोवती, पिंजऱ्याच्या बिजागरीखाली, भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात फिरवा. फडक्यावर एकही केस आला तर पुन्हा पहिल्यापासून.

जंतुनाशकात सोडियम हायपोक्लोराइट स्वस्त आणि खात्रीचं. बाजारातल्या कॅनवर टक्केवारी बघा. ५ टक्क्यांचं असेल तर रोजच्या कामाला एक लिटर पाण्यात ३० मिली पुरतं. लागण झालेलं जनावर आत येऊन गेलं असेल तर १०० मिली हायपोक्लोराइटमध्ये ९०० मिली पाणी. कॅन १० टक्क्यांचा असेल तर हायपोक्लोराइट निम्मं घ्या आणि तेवढं पाणी वाढवा. पृष्ठभाग पूर्ण दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली फरशी तीन-चार मिनिटांत सुकते, म्हणून पंखा बंद करा आणि मध्ये पुन्हा एकदा ओलं करा. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा, नाहीतर जनावर पंजे चाटताना ते पोटात घेतं. या वेळी खोलीत जनावर नको, खिडकी उघडी हवी.

कालवलेलं पाणी रोज नवीन. आणि कॅन उन्हात, टिनाच्या छपराखाली ठेवू नका, गरमीने हायपोक्लोराइट लवकर निकामी होतं. दुकानात महिनोन् महिने उन्हात पडलेला कॅन स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. ज्यांना त्याचा वास सहन होत नाही त्यांनी पशुऔषधांच्या दुकानात पोटॅशियम पेरॉक्सीमोनोसल्फेटची पावडर मागावी, तिचं १ ते २ टक्क्यांचं द्रावण या बुरशीवर चालतं.

हायपोक्लोराइटमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ते आलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद नाहणीत तो जीव घेऊ शकतो. मदतनीस नवीन असेल तर दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवा.

आता फिनाईलबद्दल. आपल्याकडे स्वच्छता म्हटलं की काळं फिनाईल किंवा डेटॉलचं पाणी, हे डोक्यात घट्ट बसलंय. मांजरांच्या यकृताला फिनॉल जातीची रसायनं नीट मोडता येत नाहीत. काळ्या फिनाईलने पुसलेल्या फरशीवर चाललेलं मांजर पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉलही त्यांना घातक. टी ट्री ऑइल ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जातं, तेही मांजराला विषारीच. मांजरं घेणार असाल तर या तिन्हींना दुकानात जागा नको, कितीही चांगला वास येवो.

कूलर

नागपुरात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, हे मान्य. पण कूलर ओलसर हवा आत ढकलतो. त्या हवेत केस नीट वाळत नाहीत आणि जमिनीवरचे केस खोलीभर उडतात. वाळवण्याच्या आणि कटिंगच्या खोलीत शक्यतो एसी घ्या, कूलर बाहेर ग्राहकांच्या बाजूला ठेवा. एसीची जाळी आठवड्याला धुवा. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, त्याने डासही होत नाहीत. खसाच्या किंवा गवताच्या ताट्या दर हंगामाला नव्या, गेल्या वर्षीच्या पावसाळाभर भिजलेल्या ताट्या पुन्हा लावू नका. सीझन संपला की ‘राहू दे असाच’ म्हणून पाणी टाकीत सोडू नका.

तुमची स्वतःची कातडी

गजकर्ण ग्रूमरला होतो तो बहुतेकदा हाताच्या आतल्या बाजूला, मानेवर आणि पोटावर, म्हणजे जिथे जिथे जनावर आपण अंगाला टेकवून धरतो तिथे. पूर्ण बाह्यांचा, केस न चिकटणाऱ्या कापडाचा ॲप्रन घाला आणि तो दुकानातच काढून ठेवा. प्रत्येक जनावरानंतर साबणाने कोपरापर्यंत हात. घरी जाऊन मुलांना किंवा स्वतःच्या कुत्र्याला जवळ घेण्याआधी कपडे बदला.

चट्टा आलाच तर मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावू नका. त्यातल्या कित्येकांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, चट्टा फिका पडतो आणि आतून पसरत राहतो. भारतात गेल्या दशकभरात माणसांमधला गजकर्ण फार चिवट झालाय. ट्रायकोफायटन इंडोटिनी ही २०२० मध्ये वेगळी ओळखली गेलेली बुरशी तर टर्बिनाफिन या गजकर्णावरच्या नेहमीच्या औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही. ती माणसाकडून माणसाकडे जाते, जनावराचा तिच्यात फारसा संबंध नाही. पण आपल्या अंगावर कुठली आहे हे बघून कळत नाही, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि काम काय करता ते आवर्जून सांगा. जनावर आणि माणूस दोघांचा उपचार एकाच वेळी झाला तरच ही साखळी तुटते. प्राणी आणि माणसं यांच्या आजारांकडे असं एकत्र बघण्यासाठीच २०२२ मध्ये आपल्या शहरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली.

मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेल्या सहकाऱ्याला मांजरांच्या कामावर लावू नका.

नोंदवही, आणि लागण आढळली तर

शंभर पानी वही पुरते. तारीख, वेळ, जनावर, मालकाचा फोन, कुठलं टेबल, कुठला ब्लेड, अंगावर काय दिसलं. ब्लेडवर आणि टेबलावर नंबर टाकून ठेवा, म्हणजे लिहायला सोपं जातं.

समजा एखाद्या मालकिणीचा फोन आला, "दादा, आमच्या मांजराला डॉक्टरांनी गजकर्ण सांगितलाय, मागच्या आठवड्यात तुमच्याकडे आलो होतो." आधी त्यांचे आभार माना, कारण त्यांनी सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. वाद घालू नका. वही काढा. त्या दिवशी आणि त्यानंतर त्याच टेबलावर, त्याच हत्यारांनी कोण कोण झालं ते बघा आणि प्रत्येकाला फोन करा: घाबरू नका, तीन आठवडे लक्ष ठेवा, केस गेलेला डाग किंवा कोंडा दिसला तर डॉक्टरांना दाखवा, लहान मुलांना तोवर फार जवळ झोपू देऊ नका. हा फोन करायला जड जातं. तरी करायचा.

मग दुकान एक दिवस बंद ठेवा. सगळं सामान हलवून, पिंजरे सुटे करून, वर सांगितलेल्या क्रमाने पूर्ण सफाई करा, पंख्याची पाती आणि एसीची जाळीसुद्धा. धुता न येणारं, म्हणजे कापडी कॉलर, लाकडी ब्रश, फाटकी मॅट, फेकून द्या. केस आणि कचरा दुहेरी पिशवीत बांधून कचरागाडीत द्या, दुकानामागे उघड्यावर किंवा नालीत नको. पुढचे तीन-चार दिवस हीच सफाई रोज संध्याकाळी करा.

त्या मांजराला परत कधी घ्यायचं हे चट्टे भरले, केस उगवले यावरून ठरवू नका. बाहेरून बरं दिसणाऱ्या अंगावरही बीजाणू असतात. संवर्धन चाचणी किंवा पीसीआर निगेटिव्ह आल्याचा डॉक्टरांचा कागद हातात आला, की त्या दिवसाची शेवटची अपॉइंटमेंट त्याला द्या, म्हणजे त्यानंतर लगेच सफाईच असते.